मधला खण

आमच्या घरावर कौलं होती आणि त्याचा आम्हाला फार माज होता. गावात बाकी सगळी धाब्याची घरं, वर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्यात त्यावर गवत उगवायचं आणि शेळ्या वर चढून ते खायच्या. आमची कौलं मंगळुरी होती, आजोबांनी परतूर टेसनावरून बैलगाडीत, कडब्यात निजवून आणलेली. आष्टीच्या बाजाराला जाणारी माणसं रस्त्यावरून बोट दाखवून 'ते लाल घर' म्हणायची, शाळेत पोरी मला 'कौलवाली कुसुम' म्हणायच्या आणि मी मान वर करून चालायचे. माणसाला माज करायला काय लागतं? डोक्यावर चार लाल तुकडे असले तरी पुरतं. खरं विचाराल तर आमच्या मुलखाच्या उन्हाला धाब्याचंच घर बराबर. कौल चैत्रातच तापायला लागतं. बाराला आत बसलं की वरून आच यायची, आणि दोनच्या सुमाराला सगळं छप्पर टिकटिक वाजायला लागायचं. पाहुणे दचकून वर बघायचे. आम्ही म्हणायचो, काही न्हाई, कौलं तापून राह्यली.

म्हणून दर वैशाखात कौलं चाळायला करीमचाचा यायचे. चाळायची म्हणजे सगळी कौलं उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, कौलांखालच्या सडलेल्या रिपा, म्हणजे लाकडी पट्ट्या, बदलायच्या आणि पुन्हा ओळीनं बसवायची. पण चाचांची खरी कारागिरी कौलांच्या खाली असायची. चार-पाच वर्षांनी एकदा ते आतला थर नवा करायचे. तुराट्या अंबाडीच्या दोरीनं बांधून त्यांचा ताटवा करायचा, तो वाशांवर अंथरायचा, वाळवी लागू नये म्हणून त्यावर कडुलिंबाचा पाला पसरायचा, आणि मग शेण, माती आणि गव्हाचा भुसा कालवून बोटभर जाड लेप. तो वाळला की वर कौल. आढ्यावरच्या सांध्यांत चुना आणि विटेचा भुगा गुळाच्या पाण्यात मळून भरायचे. त्या गुळाच्या पाण्यात आम्ही पोरं बोटं बुडवायचो आणि चाचा थापी उगारायचे. उन्हाच्या बाजूला वरून चुना मारला तर घर आणखी थंड राहील असं ते दरवर्षी सांगायचे, पण लाल रंग झाकला जाईल म्हणून आमच्याकडं कोणी ऐकलं नाही. परवा जालन्यात आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पांढरा रंग मारायला एक पोरगा आला होता. मावशी, हे नवीन टेक्निक आहे, म्हणाला. मी म्हटलं, हो बाबा, तुझंच.

घरात अण्णा म्हणजे माझे वडील, माय, मी आणि माझे दोन भाऊ. तात्या म्हणजे धाकटे काका, काकू आणि त्यांची तीन पोरं. आणि आत्या. गया आत्या दोघा भावांपेक्षा थोरली. आजी लवकर गेली तेव्हा आत्या दहा वर्षांची होती, तिनं तात्यांना कडेवर वाढवलं आणि अण्णांना हाताला धरून शाळेत नेलं. पुढं तिचं लग्न झालं, एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, आणि ती एक पेटी घेऊन परत आली ती कायमची. अण्णा आणि तात्या तिला आक्का म्हणत. तिच्या हातच्या येसराची आमटी मी पुन्हा कुठं खाल्ली नाही. येसराचा मसाला भाजायला ती बसली की धणे, ज्वारी, हरभऱ्याची डाळ असं एकेक तव्यावर फिरायचं आणि तो वास कौलांतून बाहेर जाऊन रस्त्यावरच्या माणसांना थांबवायचा. तिला दमा होता, भाजताना खोकायची, पण दुसऱ्या कोणाला तव्याला हात लावू द्यायची नाही. छपराचं तिला सगळ्यांत जास्त कळायचं. चुलीचा धूर कुठून बाहेर निघतो ते बघून पाणी कुठून आत येणार हे ती उन्हाळ्यातच सांगायची, आणि करीमचाचा त्या जागेखाली उभं राहून मान डोलवायचे.

मी सातवीत असताना भावांची वाटणी झाली. कशावरून झाली ते विचारू नका, भावकीत कारण लागतं थोडंच. घर पाच खणांचं, म्हणजे एका ओळीत पाच खोल्यांएवढं. उगवतीचे दोन खण अण्णांना, मावळतीचे दोन तात्यांना. मधला खण, जिथं आत्याची बाज आणि धान्याच्या कणग्या होत्या, तो कुणालाच सोडवेना. मग गावातल्या पंचांनी डोकं चालवलं: गयाबाई जिवंत आहे तोवर मधला खण तिचा, ती गेल्यावर दोघा भावांनी अर्धा अर्धा घ्यावा. दोघांनी मान्य केलं. दोघांच्या मनात तेव्हाच काय हिशेब झाला असेल तो झाला असेल. बाकीची वाटणीही अशीच शहाणपणाची. बैल आम्हाला आले, गाडी तात्यांना. आणि आत्याचं जेवण पंधरा दिवस आमच्याकडं, पंधरा दिवस तिकडं. अमावस्येला आणि पुनवेला पाळी बदलायची. त्या दिवशी माय म्हणायची आजपासून त्यांच्याकडं, काकू म्हणायची उद्यापासून आमच्याकडं, आणि आत्या त्या दिवशी उपास आहे म्हणून सांगायची. महिन्यातून दोन उपास. बायामाणसं म्हणायची, गयाबाई फार देवधर्म करती.

त्या उन्हाळ्यात वानरांची टोळी आली. वानरांना वाटणी माहीत नव्हती, ती पाची खणांवर सारखीच नाचली. मधल्या खणावर जुनं बोरीचं झाड वाकलेलं होतं, तिथून उड्या पडायच्या, म्हणून तिथली कौलं सगळ्यांत जास्त फुटली. आतला थर तर आधीच कुजून गळायला आलेला. अण्णांनी करीमचाचांना बोलावून आमच्या दोन खणांवर नवा ताटवा, नवा लेप, नवी कौलं घातली. तात्यांनी ते बघितलं आणि आठ दिवसांत त्याच चाचांकडून आपल्या दोन खणांवर तसंच करून घेतलं, वर लेप थोडा जाडच. मधला खण तसाच राहिला. अण्णांचं म्हणणं, मी दुरुस्त केला तर तात्या म्हणेल हा कब्जा करून राह्यला. तात्यांचंही तेच म्हणणं, नावं फक्त उलटी. एखादी जागा तुम्ही झाडली, सारवली, शाकारली की तुमची वहिवाट झाली, आणि उद्या त्या वहिवाटीवर कोर्टात उभं राहता येतं, हे आमच्याकडं माणूस बाळगुटीतच पितो. त्यामुळं दोघंही दुसऱ्याला हात लावू देईनात आणि भीतीपोटी स्वतःही लावीनात.

दुपारी दोन्हीकडं जरा थंडावा आणि मधे भट्टी. फुटक्या कौलांतून उन्हाच्या चकत्या आत पडायच्या आणि आत्या बाज सरकवत बसायची. पोतं ओलं करून वर आडव्या दोरीवर टाकायची, ते अर्ध्या तासात वाळायचं. आमच्या ओसरीवर येऊन टेकली तर काकू ऐकू जाईल अशी म्हणायची, चालल्या लाडक्या भावाकडं. तिकडं टेकली तर आमची माय भांडी आपटायची. मी माझ्या मायला या बाबतीत माफ केलेलं नाही, ती गेली तरी नाही. आत्यानं दोघा भावांना एकदाच विचारलं, दोघं अंगणात असताना, दोघांच्या मधे उभं राहून. पावसाळ्याच्या आत माझं एवढं करा, म्हणाली. अण्णा म्हणाले, त्याला विचार. तात्या म्हणाले, त्याला विचार. करीमचाचा तेव्हा वरून उतरत होते. ते अण्णांना बाजूला घेऊन म्हणाले की बाईला दमा आहे, हा खण असाच राहिला तर बाई पावसाळा काढणार नाहीत. अण्णा म्हणाले, मला कळतंय. त्यांना कळत होतं, हे मी तिथं उभी राहून ऐकलेलं आहे.

शेवटच्या दिवशी चाचांनी कुणाला न विचारता आपल्या मनानं काम केलं. दोन्हीकडून उरलेली अकरा कौलं होती, सहा आमची, पाच तात्यांची. उरलेला तुराट्यांचा एक ताटवा होता. दुपारी सगळे जेवून पडले असताना त्यांनी तो मधल्या खणावर मधोमध अंथरला, घाईघाईत लेप दिला आणि वर ती अकरा कौलं बसवली. सगळा खण झाकला नाही, पण एक माणूस पाय पोटाशी घेऊन निजेल एवढी कोरडी जागा झाली. आत्यानं बाज तिथं ओढून घेतली. त्या संध्याकाळी तिनं येसराची आमटी केली, दोन्ही घरांत वाटी पाठवली आणि दोन्ही घरांनी ती ठेवून घेतली.

सकाळी तात्या चूळ भरायला अंगणात आले आणि मधल्या खणाच्या काळपट छपरात लाल तुकडा बघून तिथंच बोंबलले. अण्णा धावत आले. दहा मिनिटांत दोन पंच हजर. तात्या म्हणत ही कौलं थोरल्यानं घातली, अण्णा म्हणत धाकट्यानं. चाचांना बोलावलं. ते म्हणाले मी घातली, माझ्या मनानं घातली, मजुरी कुणाकडं मागितली नाही. पण हे कुणाला पटणार? कारागीर आपल्या मनानं कौल घालतो यावर आमच्याकडं कोण विश्वास ठेवतो. पंचांनी निवाडा दिला की जागा जशी होती तशी करावी, म्हणजे कोणाची वहिवाट नाही. आणि वाटणी झाल्यापासून पहिल्यांदा दोघं भाऊ एका गोष्टीला बराबर हो म्हणाले.

पंच म्हणाले, करीमभाई, काढा. चाचांनी थापी धोतराला पुसली.

"मैं छप्पर बांधता हूं, बाबा. खोलता नहीं," म्हणाले, आणि सामान गोळा करून गेले. आमच्या गावात ते पुन्हा कधी आले नाहीत.

मग कोण चढणार? अण्णा चढतील तर तात्यांना भरवसा नाही, तात्या चढतील तर अण्णांना. आणि दोघंही वजनदार, वरची जुनी कौलं चुरा झाली असती. कोणीतरी म्हणालं, पोरगी चढवा, हलकी आहे. दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी तेरा वर्षांची होते. आता मी काय सांगू, मला जबरदस्ती केली? नाही केली. सगळं गाव अंगणात, पंच मला नावानं हाक मारून राह्यले, तात्या वाटणीनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलले, चढशील का गं म्हणाले. मी परकर खोचला आणि शिडीवर पाय ठेवला. मला वर चढायची आधीपासून फार हौस होती. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा लई मोठं झाल्यासारखं वाटलं.

वर उन्हानं कौलं पोळत होती. पहिलं कौल उचललं, खाली दिलं. तात्यांनी ते घेऊन मागची कारखान्याची खूण बघितली आणि आपल्या ढिगात ठेवलं. दुसरं उचललं, ते अण्णांच्या ढिगात. लेप अजून ओला होता, ताटवा उचलला तसा तो गोळ्यांनी खाली पडला, आणि मी वाकून आत बघितलं. आत्या बाजेवर बसलेली. मांडीवर, केसांत ओला चिखल पडलेला. तिनं वर बघितलं, माझं तोंड बघितलं. मला वाटलं आता शिव्या देईल. ती म्हणाली:

"सावकाश, कुसे. पाय वाशावर ठिव. कौलावर दिऊ नको, पडशील."

मी पाय वाशावर ठेवला आणि राहिलेली कौलं काढली. सगळी काढली, अकरा. एखादं विसरल्यासारखं करून ठेवता आलं असतं, खालून कुणाला दिसलं नसतं. तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं नाही. आलं असतं तरी ठेवलं असतं का, याचं उत्तर मी एवढ्या वर्षांत स्वतःला दिलेलं नाही. खाली उतरले तेव्हा पंचांनी शाबास म्हटलं. अण्णा शेवटची वर्षं माझ्याकडंच होते, जालन्यात. एकदा मी त्यांना सरळ विचारलं की अण्णा, आत्याच्या खणाचं तुम्हाला कधी वाईट वाटतं का. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "कौलं तर तू काढलीस." मी उठून त्यांच्यासाठी चहा ठेवला.

पाऊस लागला आणि त्या वर्षी झड धरली, पाच-पाच दिवस थांबेना. आत्याच्या खोलीत कोपरा न् कोपरा गळायचा. कणग्या दोघा भावांनी आपापल्या ओढून नेल्या होत्या, धान्य भिजेल म्हणून. आत्या बाजेवर पाय वर घेऊन छत्री उघडून बसायची, दिवसभर. आम्ही दोन्हीकडची पोरं दारातून डोकावून हसायचो. ती म्हणायची, हसा बाई, हसा, आणि छत्रीच्या आतून आम्हाला शेंगदाणे द्यायची. मी शाळेत पोरींना आत्याची नक्कल करून दाखवली. दप्तर डोक्यावर धरून, गुडघे पोटाशी घेऊन खोकत बसायचं. पोरी पोट धरून हसल्या, पुन्हा कर म्हणाल्या. मी पुन्हा केली. दोन-तीन दिवस रोज केली.

मग तिला ताप भरला. श्वास दारापर्यंत ऐकू यायचा. पाळी तात्यांची होती, पण काकू म्हणाली ताप पुनवेच्या आधीच आल्ता, म्हणजे त्यांच्या पाळीत. माय म्हणाली पुनवेला तर चांगली बसली होती. आष्टीला डॉक्टरकडं न्यायचं तर बैलगाडीशिवाय रस्ता नव्हता. सगळीकडं चिखल. बैल आमचे, गाडी तात्यांची. तात्या म्हणाले बैल पाठव, मी नेतो. अण्णा म्हणाले गाडी पाठव, मी नेतो. आपले बैल त्याच्या गाडीला का जुंपू, आपल्या गाडीला त्याचे बैल का लावू, यात दोन दिवस गेले. दोघंही ओसरीवर उभं राहून एकमेकांच्या घराकडं बघत होते आणि मधे आत्या श्वास ओढत होती. मला आजही त्या दोघांचा संताप येतो. तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्यांनी स्वतःची गाडी जुंपून दारात आणली. तोवर आत्या गेली होती. बाजेखाली पातेलं ठेवलेलं, त्यात वरून थेंब पडत होते आणि ते कोणी उचललं नव्हतं.

दोघा भावांनी पुढचा खांदा दिला. दोघंही धाय मोकलून रडले. ते खोटं रडत नव्हते. तात्या तर आक्का आक्का म्हणत जमिनीवर लोळले, लहान लेकरू कडेवरून खाली ठेवल्यावर लोळतं तसे. माणसं त्यांना उचलून म्हणत होती, आईच गेली हो यांची. मी अंगणात उभी राहून ते बघत होते आणि मलाही रडू येत होतं.

तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी सकाळी दोघं मधल्या खणात दोरी धरून उभे राहिले. अर्धं अर्धं मोजलं, मधे कुडाची भिंत घातली. उघडीप मिळाल्याबरोबर छपराचं काम काढलं. करीमचाचा आले नाहीत, तीर्थपुरीहून दुसरा कारागीर आणला. अण्णांनी आपल्या अर्ध्यावर ताटव्याचे दोन थर सांगितले, तर तात्यांनीही दोन सांगितले. अण्णांनी लेप दोन बोटं केला, तर तात्यांनीही केला. सांधे गुळचुन्यानं भरले, वरून चुनासुद्धा मारला. सगळ्या घरात तेवढा एक खण पांढरा दिसायला लागला. थेंब आत यायची सोय राहिली नाही, आणि पुढच्या वैशाखात सगळं घर तापलं तरी तिथं पाण्याचा माठ ठेवलेल्या कोपऱ्यासारखा गारवा असायचा.

आमचा अर्धा भाग अण्णांनी मला अभ्यासाला दिला. पोरीला मॅट्रिकपर्यंत वेगळी खोली, हे गावात कोणाकडं नव्हतं. मी तिथं टेबल ठेवलं, भिंतीला वेळापत्रक चिकटवलं. लोकांना वाटेल मला तिथं भीती वाटत असेल, आत्या दिसत असेल, तिचा श्वास ऐकू येत असेल. तसलं काही झालं नाही. दुपारी भाकरी खाऊन पुस्तक छातीवर घेऊन आडवं झालं की मला गाढ झोप लागायची. तीन वर्षं मी तिथं झोपले, वाचलं, आणि पहिल्या झटक्यात पास झाले. पुढं मास्तरीण झाले, आज पेन्शन खाते ती त्याच जोरावर. अण्णा येईल-जाईल त्याला सांगायचे की त्या थंड खोलीनंच पोरीचं भलं झालं. आणि ते खरं होतं.